लाल दोऱ्याची झाडं

धोंडिराम आडेलकरांना कापडातलं सगळं कळायचं आणि झाडातलं काही म्हणजे काही कळायचं नाही. आता यात लाज कसली? माणूस जन्मला विक्रोळीत, वाढला विक्रोळीत, बाप गिरणीत खपला आणि हा वयाच्या सतराव्या वर्षी शिलाई मशीनवर बसला तो बसलाच. त्रेचाळीस वर्षं शाळांचे गणवेश आणि बायकांचे ब्लाउज. रस्त्यावरून चालत्या माणसाकडे बघून छाती-कंबर सांगायचे, अर्धा इंचसुद्धा चुकायचे नाहीत. सगळं विक्रोळी त्यांना मास्टर म्हणायचं. पण हिरवं काही दिसलं की मास्टरांच्या लेखी त्याच्या दोनच जाती. आपण खातो ती भाजी, बाकी सगळं गवत.

बरं, नसेल कळत तर गप्प बसावं की नाही? छे! "आम्ही कोकणातली माणसं, आम्हाला झाडं शिकवता?" हे ठरलेलं. कोकणाशी यांचा संबंध वर्षाला गणपतीचे पाच दिवस, त्यातले दोन एसटीत. याच ज्ञानाच्या जोरावर एकदा त्यांनी बायको माहेरी गेलेली असताना बाग साफ केली होती. अळू, पुदिना आणि गवती चहा उपटून टाकला आणि गाजर गवत तेवढं जपून ठेवलं. द्रौपदीकाकू आल्या, त्यांनी बघितलं आणि तीन दिवस घरात नुसती खिचडी झाली.

बाग म्हणजे तरी काय? जुनी चार मजली बिल्डिंग, तळमजल्यावर आडेलकर. पुढच्या खोलीच्या खिडकीत मास्टरांचं दुकान आणि मागच्या दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत तीस-पस्तीस पावलांची मोकळी जागा. ती जागा सोसायटीची, पण राज्य द्रौपदीकाकूंचं. तिथे पिंजऱ्यात हूक आणि काज नावाचे दोन ससे होते, आणि दोरीला बटण होती. बटण म्हणजे बकरी. दोन वर्षांपूर्वी सर्व्हिस रोडवर एकटंच फिरणारं करडू काकूंनी उचलून आणलं. मालकाची आठवडाभर चौकशी केली, कोणी आलं नाही. पहिल्याच दिवशी तिने शर्टाची अकरा बटणं खाल्ली. दहा यथावकाश बाहेर पडली. अकरावं अजून यायचंय.

त्या बटणला आता दिवस गेले होते. काकूंनी तिला रिक्षात बसवून कांजूरमार्गला एका बोकडाकडे नेऊन आणलं होतं, ते लागू पडलं. आणि नेमकं त्याच वेळी चिपळूणला मुलीचं, मनालीचं, बाळंतपण निघालं. काकूंचा जीव दोन ठिकाणी अडकला. जाताना त्यांनी मास्टरांना बटणच्या खाण्यापिण्याचं सगळं तीन-तीनदा बजावलं आणि वर एक ताकीद दिली. बकरी गाभण आहे हे बिल्डिंगीत कोणाला कळता कामा नये. लोकांची नजर वाईट.

रोज दुपारी फोन.

"बटण जेवली काय?"

"जेवली. मनाली कशी आहे?"

"मनालीक काय धाड भरली हा? तिच्याकडे सासू आसा, नणंद आसा, डॉक्टर आसा. बटणाकडे तुमीच आसास, म्हणान माका भय वाटता."

श्रावणातला मंगळवार होता. दुपारी मास्टर चहा घेऊन मागे गेले तर बटण भिंतीसमोर उभी. भिंतीला नाक लावून, अगदी विचारात पडल्यासारखी. मास्टर म्हणाले, "काय गं?" तर ती वळली, चार पावलं उलटी चालली आणि सशांच्या पिंजऱ्यावर बसली. बसली म्हणजे बुड टेकून, माणूस स्टुलावर बसतो तशी! खालून हूक आणि काजने हलकल्लोळ केला. ती उठली, सेक्रेटरींच्या उभ्या स्कूटरला दोनदा टक्कर दिली आणि मग स्कूटरलाच चाटायला लागली. डोळ्यांत बघावं तर बुबुळं ही एवढी मोठी. मास्टरांनी निदान केलं, ऊन लागलं. श्रावणात, धो धो पाऊस पडून गेलेला असताना, ऊन!

नशीब की वेळेवर अक्कल आली आणि त्यांनी डॉक्टर उत्तराला फोन केला. ही जनावरांची डॉक्टर, स्टेशनजवळ दवाखाना. मुलगी तिशीची, पण बोलायला फटकळ. तिने येऊन बटणच्या डोळ्यात बॅटरी मारली, तोंड उघडून वास घेतला आणि भिंतीकडे जाऊन एक अर्धवट खाल्लेलं पांढरं, भोंग्यासारखं फूल उचलून आणलं.

"धोतरा," ती म्हणाली. "मास्टर, तुम्ही हिला धोतरा खाऊ घातलात?"

"मी? मी कशाला... गवत होतं ते!"

डॉक्टरने सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, संध्याकाळपर्यंत बसून राहिली. बटण हळूहळू शुद्धीवर आली आणि पहिलं काम म्हणजे डॉक्टरच्या ओढणीचा गोंडा चावला. मग डॉक्टर उठली.

"या वेळी थोडक्यात वाचली. महिनाभराने व्यायची आहे, पोटात दोन पिल्लं आहेत. पुन्हा असलं काही पोटात गेलं तर पिल्लं जातीलच, हिचीसुद्धा खात्री देत नाही मी. इथे तुम्ही विषाचं दुकान मांडलंय नुसतं. धोतरा आहे, घाणेरी आहे, एरंड आहे. सगळं मुळासकट काढा, हातमोजे घालून. रविवारपर्यंत. तोवर बकरी घरात बांधा."

ती गेली आणि मास्टर मागच्या पायरीवर मट्कन बसले. बायको जीव घेईल ही भीती होतीच, खोटं कशाला बोला? पण ती दुसऱ्या नंबरावर होती. बटणने येऊन त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकली आणि या साठीच्या माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एवढासा जीव, त्यात आणखी दोन जीव, आणि राखणीला आपल्यासारखा गाढव. हे त्यांना मनापासून वाटलं, आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "बटण जेवली काय?"

"जेवली," मास्टर म्हणाले. कालच्या दिवसाचं एक अक्षर त्यांनी काढलं नाही.

आता विषारी कुठलं आणि बिनविषारी कुठलं, हे सांगणार कोण? तर धम्मपाल. धम्मपाल खिल्लारे मास्टरांचा शाळेपासूनचा दोस्त, मूळचा जालन्याकडचा, इथल्या एका कंपनीच्या वसाहतीत तेहतीस वर्षं माळीकाम करून रिटायर झालेला. गुरुवारी सकाळी सातला तो आला तो पिशवी घेऊनच, कारण तिथून थेट गाडी पकडून पुतणीच्या लग्नाला जायचं होतं. गुडघा दुखत होता म्हणून मागच्या दाराच्या छज्ज्याखाली खुर्ची टाकून बसला आणि छत्रीच्या टोकाने दाखवायला लागला.

"तो धोतरा. त्याच्या बाजूचा पण धोतरा. ती भिंतीकडची रंगीबेरंगी फुलांची, ती घाणेरी. ते लांब पानांचं बेशरम. हां, ती रुई. अरे ती तुळस आहे गाढवा, तिला कशाला हात लावतोस!"

"मग आत्ताच उपटू ना."

"तू उपटणार? पुदिना विसरलास का? मूळ तुटलं की चौपट उगवतं. मी रविवारी येतो कुदळ घेऊन. तोवर फक्त खूण करून ठेव, म्हणजे माझा वेळ जायला नको."

खूण! आता हे मास्टरांच्या धंद्यातलं काम. त्यांच्या दुकानात एक शिस्त होती, उस्तादांनी शिकवलेली. कपड्यात जिथे चुकलंय, जिथे उसवायचंय, तिथे लाल दोऱ्याचा कच्चा टाका घालायचा. लाल दिसलं की समजायचं, हे काढायचं. एका शाळेने गणवेशाचा रंग बदलल्यापासून लाल दोऱ्याची डझनभर रिळं पडून होती. मास्टरांनी एक रीळ आणलं आणि धम्मपाल दाखवील त्या झाडाला दोरा बांधायला सुरुवात केली. एक फेरा मारून ते थांबतील होय? शिंप्याचा हात तो. सात-सात फेरे, वर पक्की गाठ. दोरा नीट बसावा म्हणून स्वतःच झाडाभोवती फिरायचे. सतरा झाडं झाली. धम्मपाल रिक्षात बसून गेला.

आता हेच तिसऱ्या मजल्यावरून बघा. सुगंधाताई, म्हणजे सेक्रेटरींची बायको, तुळशीला पाणी घालायला गॅलरीत आल्या. छज्ज्याखालचा धम्मपाल त्यांना दिसत नव्हता. दिसत होते ते मास्टर. सकाळची वेळ, नुकती आंघोळ झालेली, अंगावर पंचा, चिखल म्हणून पाय अनवाणी. फेरे मोजताना ओठ हलतायत. कमरेत उसण भरलेली, त्यामुळे प्रत्येक झाडापुढे वाकलेले. हातात लाल दोरा. आणि महिना श्रावणाचा.

त्या बाईचा काय दोष? तुम्ही असता तर तुम्हीही हात जोडले असते.

शुक्रवारी सकाळी मास्टर मागे गेले आणि दारातच थिजले. धोतऱ्याला हळद-कुंकू लागलं होतं. घाणेरीखाली नारळ होता, एरंडाला केळ्यांची फणी वाहिली होती, गाजर गवताला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी दूध घातलं होतं. आणि बेशरमाला चक्क ब्लाउजपीस नेसवलं होतं. टू बाय टू, रुबिया, ऐंशी सेंटिमीटर, रंग पक्का. एवढं चांगलं कापड या झुडपाला, हा विचार मास्टरांच्या मनात आधी आला आणि अरे देवा, हे काय होऊन बसलं, हा नंतर.

तेवढ्यात सुगंधाताई तांब्या घेऊन हजर. मागे जयंतीवहिनी, त्यांच्यामागे शेजारच्या बिल्डिंगमधल्या चौघी.

"मास्टर, तुम्ही बोलला नाहीत हो कधी! दृष्टांत झाला का तुम्हाला?"

"कसला दृष्टांत? अहो, ती विषारी झाडं आहेत!"

"मग शंकराने तरी काय प्यायलं होतं?" सुगंधाताई म्हणाल्या. आता यावर तुमच्याकडे उत्तर आहे?

"मी नुसती खूण केलीय. उपटायची आहेत."

"बघा, किती साधेपणा! एवढं करून म्हणे नुसती खूण केली!" जयंतीवहिनी गहिवरल्या. त्यांचा दोन महिने हरवलेला गॅसचा लायटर काल संध्याकाळी पहिल्या प्रदक्षिणेनंतर सापडला होता. फ्रीजवर होता. पण सापडला ना?

दुपारपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो गेला, खाली लिहिलेलं, जागृत स्थान, तळमजला मागील बाजू. संध्याकाळी चपलांची रांग पार गेटपर्यंत. सुगंधाताईंचा सुयोग पायरीवर बसून चपला सांभाळत होता. मास्टर बाहेर आले की बायका बाजूला व्हायच्या. एका आजीबाईंनी तर वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण माणूस आपला असला म्हणून त्याचं झाकून ठेवायचं नाही. मास्टरांना हे थोडं आवडलं. जन्मभर लोकांच्या पायाशी बसून उंची मोजलेला माणूस, त्याच्या पाया कोणी पडलं तर बरं नाही का वाटणार? पेढे आले, त्यांनी चार खाल्ले. "स्वप्नात नक्की काय दिसलं?" असं कोणी विचारलं तेव्हा ते नाही म्हणाले नाहीत. नुसतं वर बघितलं. वर सुगंधाताईंचे कपडे वाळत होते. अर्धा तास हा माणूस महाराज होता.

अर्ध्या तासाने आत काहीतरी फाटल्याचा आवाज झाला. मशीनच्या पायाला बांधलेल्या बटणने चौथीच्या वर्गाच्या सहा कॉलर खाल्ल्या होत्या आणि सातवी तोंडात होती. महाराजपण तिथेच उतरलं.

शनिवारी तर कहर झाला. रुई मारुतीची, त्यामुळे तेलाच्या वाट्या आल्या, उडीद आले. पाणी, दूध, मंत्र, सगळं मिळाल्यावर झाडं अशी काही तरारली की विचारू नका. धोतऱ्याला तीन नव्या कळ्या. खाली केळी, खोबरं, गुळाचे खडे. म्हणजे विषाच्या भोवती बकरीसाठी पंगत मांडून ठेवलेली! वास घरात यायला लागला आणि बटण वेडी झाली. तिने मशीनला हिसडा दिला, मशीन तीन हात सरकलं, दोरी तुटली, आणि बाईसाहेब मागच्या दारातून सुसाट.

मास्टर धावले. उसण भरलेल्या कमरेने, गळ्यात टेप, एका हातात कात्री. बायकांच्या मधून मुसंडी मारून ते धोतऱ्यापाशी पोचले तेव्हा तिच्या तोंडात अर्धं केळं होतं आणि केळ्याबरोबर एक हिरवं पान. कात्री टाकली, सरळ हात घातला घशापर्यंत. बटणने चावा घेतला, पण पान निघालं. पान मुठीत, बोटातून रक्त, आणि हा माणूस चिखलात बकरीच्या गळ्यात पडला होता.

"बघा गं," मागून कोणीतरी म्हणालं, "मुक्या जनावरालाही दर्शनाची ओढ!" आणि जयंतीवहिनींनी पुढे होऊन बटणच्या कपाळाला कुंकू लावलं.

मास्टरांचा आवाज त्रेचाळीस वर्षांत कोणी चढलेला ऐकला नव्हता. तो त्या दिवशी चढला. "अहो, मरेल माझी बकरी! कळतंय का तुम्हाला? मरेल ती! तिच्या पोटात..." आणि त्यांनी जीभ चावली. काकूंची ताकीद आठवली. नजर.

"पोटात काय?" सुगंधाताईंनी विचारलं.

"बटण आहे. एक. अकरावं."

"ते आम्हाला माहीत आहे," सुगंधाताई म्हणाल्या. "आणि देवासमोर असं अभद्र बोलू नका."

त्या दिवशी फोन घ्यायची मास्टरांची हिंमत झाली नाही. त्यांनी बटणला स्वयंपाकघरात ओट्याच्या पायाला बांधलं, दार लावलं आणि तिच्याशेजारी फरशीवर बसून राहिले. बोटाला पट्टी, समोर कॉलर नसलेले गणवेश. आपण एक साधं गवत उपटू शकत नाही, काय कामाचे आपण, असं त्यांना झालं होतं.

रविवारी सकाळी धम्मपाल लग्नातले लाडू, कुदळ, हातमोजे आणि दोन गोणपाटं घेऊन आला. मागच्या दारात उभा राहून त्याने एकदा सगळीकडे बघितलं. मग तो हसायला लागला तो इतका, की कुदळीवर रेलला, मग खुर्चीवर बसला, मग खुर्चीवरून उठून भिंतीला धरून हसला.

"मास्टर, तीन दिवस गेलो रे! तीन दिवसांत सतरा देव?"

"हसू नको. काढ लवकर."

काढतो कुठला? सुगंधाताई पदर खोचून धोतऱ्यासमोर उभ्या. बाकीच्यांनी कडं केलं. "हात तर लावून बघा," त्या म्हणाल्या. "काय कोप होईल तो तुमच्यावर."

धम्मपालने कुदळ खाली ठेवली. "ताई, मी यातला नाही. माझ्यावर कसला कोप होतोय? पण एक विचारू? खरंच माहीत नाही म्हणून विचारतो. तुमच्यात गणपती बसवताना आधी ठरवतात ना, दीड दिवस, पाच दिवस? मग हे किती दिवसांचे बसवलेत?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि मास्टरांच्या डोक्यात, जन्मात पहिल्यांदा शिलाई सोडून दुसऱ्या विषयात, लख्ख उजेड पडला.

"हां, सुगंधाताई," ते हळूच म्हणाले. "किती दिवसांचे बोललात?"

"दिवस... दिवस असे नाही बोललो बाई आपण. तू बोललीस का गं?"

जयंतीवहिनींनी मान हलवली.

"नाही बोललात?" मास्टरांनी कपाळावर हात मारला. "वाट लागली! मग ते राहणार कायमचे. आता सकाळ-संध्याकाळ आरती. सतरा ठिकाणी. नैवेद्य सतरा, तोही गरम. एक दिवस चुकून चालायचं नाही. वार लावून घ्या आत्ताच. सोमवारी कोण?"

"सोमवारी मला ड्युटी असते," एकजण म्हणाली.

"मंगळवारी?"

मंगळवारी कोणाचे तरी दात काढायचे होते. बुधवारी क्लास. बघता बघता मागच्या दोघी चपला शोधायला लागल्या.

"आणि देव घरात बसलेले असताना," मास्टर आता रंगात आले होते, "अंगणातून मासळीची पिशवी न्यायची नाही. हे तर तुम्ही जाणताच. श्रावण संपला तरी नाही. गौरी-गणपती झाले तरी नाही."

वर तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत सेक्रेटरी पेपर वाचत होते. या माणसाने महिनाभर भोपळा आणि पडवळ खाऊन दिवस ढकलले होते. श्रावण संपला की दुसऱ्या दिवशी खारदांड्याचा एक दोस्त सुरमई पोचवणार होता, तो दिवस त्यांनी कॅलेंडरवर गोल करून ठेवला होता. पेपर खाली आला.

"सुगंधा!" वरून आरोळी आली. "उठव त्यांना! आत्ताच्या आत्ता उठव!"

झालं. उत्तरपूजा करायची, देव आनंदाने पाठवायचे, असं एकमुखाने ठरलं. आणि एकदा ठरल्यावर बिल्डिंग मागे हटते होय? झकास झालं सगळं. दही-पोह्यांचा नैवेद्य आला. अक्षता पडल्या. पूजेनंतर मूर्ती जागेवरून जराशी हलवतात ना, तसं धम्मपालने प्रत्येक देवाला कुदळ घालून हलवलं, पार मुळासकट. मूळ मोडलं तर दुप्पट खोल खणलं. मास्टर हातमोजे घालून मागे होते, लाल दोरा बघत, मोजत. चौदा, पंधरा, सोळा. कुठलं झाड राहून गेलं असतं तर सुगंधाताईच ओरडायच्या, "अहो, तो एरंड राहिला!" बेशरमाचं ब्लाउजपीस तेवढं मास्टरांनी सोडवून जिचं तिला परत केलं. कापडाचा अपमान त्यांना बघवला नसता.

गाजर गवत गोणीत जाताना जयंतीवहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. सुयोगने ताट आणि डाव आणून ताशा धरला. कंपाउंडच्या बाहेर, गेटपाशी, पाण्याने भरलेला मोठा निळा ड्रम ठेवला होता. धम्मपालचा सल्ला होता तो. तीन आठवडे बुडवून, झाकण लावून ठेवायचं, सगळं कुजून मरतं, बियाणंसुद्धा. बायका म्हणाल्या, विसर्जनच की. मिरवणूक निघाली. पुढे ताट वाजतंय, मध्ये दोन गोण्या फुलांच्या माळा घालून, मागे आरतीचं तबक, आणि सगळ्यांत शेवटी मास्टर, बटणला पोटाशी धरून. ती आता एवढी जड झाली होती की कमरेतली उसण बोलत होती. पण खाली ठेवायची त्यांची छाती नव्हती.

गोण्या ड्रमात पडल्या. बुडबुडे आले. सुगंधाताईंनी दोन्ही हात वर केले आणि सगळा जमाव एका सुरात ओरडला, "पुढच्या वर्षी लवकर या!"

"येऊ नका!"

ताट थांबलं. सगळे मागे वळले. मास्टरांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"येऊ नका," ते पुन्हा म्हणाले, आता रडकुंडीला येऊन, एका हाताने बकरी सावरत आणि दुसरा हात कपाळाला लावत. "महाराज, पाया पडतो, पण नका येऊ. आमच्याकडे बाळंतपण आहे. गाभण आहे हो ही. दोन पिल्लं आहेत पोटात. लागू दे कोणाची नजर लागायची ती, पण तीन दिवस मी मरून मरून जगलोय."

सुगंधाताई पुढे आल्या. त्यांनी बटणच्या पोटावरून हात फिरवला, एकदा, दोनदा, आणि मग मास्टरांवर असे काही डोळे वटारले की ते दोन पावलं मागे सरले.

"गाभण आहे?" त्या कडाडल्या. "आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? गाभण जनावराच्या अंगणात धोतरा ठेवतं का कोणी? मूर्ख कुठले! पहिल्याच दिवशी उपटायला नको होता?"